डेअरीचं घड्याळ

सत्त्याण्णवच्या एप्रिलात, इंदापूरच्या एसटीत, माझ्या मागच्या बाकावर दोघं बोलत होते.

"सोनबातात्या, डेअरीनं तुमचं दूध परत पाठवलं म्हणं?"

"आठनंतर घेत न्हाईत, रविराज. मी साडेसातलाच घातलं. कॉम्प्युटरनं साडेआठ छापलं."

"भिंतीवरच्या घड्याळात?"

"साडेसात. सेक्रेटरीच्या मनगटावर बी साडेसात."

"मग विंडोजचं काम हाय. मशिनच्या आत सेलवरचं घड्याळ आसतंय, ते त्यानं आपणहून तासभर पुढं सारलं. बसवताना अमेरिकेची वेळ निवडलेली राहिली आसंल. तितं उन्हाळ्यात घड्याळं पुढं करत्यात."

"आन् हितं वडगावात?"

"त्याला वडगाव काय म्हाईत. दोन मिंटात नीट होतंय."

"मशिनला हात लावायचा तर ठराव लागतोय."

"मग करा की ठराव."

"कालच केला. एकमतानं."

"मशिनचं घड्याळ मागं घ्यायचा?"

"न्हाय. भिंतीवरचं पुढं करायचा. सेक्रेटरीनं मनगटावरचं तितंच फिरवलं."

"आन् म्हशींनी काय करायचं?"

"तासभर आधी पान्हा सोडायचा. गोठ्यात लावायला नोटिसा दिल्यात."

"तात्या, तुमचंच दूध परत गेलं. तुमी काय बोलला न्हाय?"

"मी कसा बोलतोय? ठरावाचा सूचक मीच हाय."