अकरा पॉइंट सहा

सर : रागावू नका मावशी, पण वर्गातल्या तेवीस जणांचं रीडिंग दहा आलं आणि तुमच्या एकटीचंच अकरा पॉइंट सहा.

मावशी : त्यांचं आलं नाही सर. त्यांनी जमवलं.

सर : म्हणजे?

मावशी : पोरं तसंच विचारतात एकमेकांना, जमलं का म्हणून. गेल्या वर्षीच्या मुलांच्या जर्नलात दहा आहे, तर सगळ्यांनी दहा लिहिलं. मलाही दाखवलं बिचाऱ्यांनी. म्हणाली, मावशी, कशाला डोळे फोडून घेताय?

सर : मग लिहायचं होतंत.

मावशी : माझं दहा आलं नाही ना.

सर : अहो, तुमचं रंगात चुकलं असणार. वरच्या नळीतून कॉस्टिक सोड्याचं पाणी थेंब थेंब सोडायचं, खालच्या ॲसिडला फिका गुलाबी रंग आला की थांबायचं. नवखा माणूस गडद होईपर्यंत सोडत राहतो, मग रीडिंग वाढतं.

मावशी : तीस वर्षं कापड रंगवतेय मी. फिका गुलाबी मला नाही ओळखू येणार, तर कोणाला येणार?

सर : तेही खरंच म्हणा. पण उद्या जर्नल जमा करायचं आहे. माझी सही नसेल तर परीक्षेला बसता येणार नाही, तुमचं वर्ष जाईल. दहा लिहा आणि मोकळ्या व्हा. कोणी विचारायला येत नाही.

मावशी : वर्ष घालवायला मला परवडायचं नाही. दुकान सुनेच्या गळ्यात टाकून येते मी. गेल्या वर्षी एका शाळेचे नव्वद गणवेश रंगवून दिले, तर पहिल्याच धुण्यात रंग उतरला. शाळेच्या बाईंनी विचारलं, का उतरला? तीस वर्षांचा हात माझा, पण कारण मलाच ठाऊक नव्हतं. म्हणून रसायनशास्त्र घेतलं. त्या बाई परत फिरकल्या नाहीत, म्हणून व्यवसायाचा विषय घेतला. आता इथे येऊनही आकडा जमवायचा असेल, तर मी दुकानातच बरी होते की.

सर : किती वेळा केलंत?

मावशी : सहा वेळा. शेवटच्या तिन्ही वेळा अकरा पॉइंट सहा. लॅबच्या भाऊंना विचारा, ते कुलूप घेऊन माझ्या डोक्यावर उभे होते.

भाऊ : उभा होतो खरा. आता आवरा म्हटलं, तर म्हणाल्या, एकदाच अजून. सर, इतक्या बॅचेस पाहिल्या मी, पण असा हात नाही पाहिला. एकेक थेंब मोजून पडतो.

सर : भाऊ, एक नळी भरा. मीच करून बघतो.

भाऊ : तुम्ही?

सर : का हो?

भाऊ : काही नाही. बऱ्याच वर्षांनी बघतोय, म्हणून म्हटलं.

(सर नळी लावतात. थेंब थेंब सोडू लागतात.)

मावशी : थांबा. आला रंग.

सर : मला तर पाण्यासारखंच दिसतंय.

मावशी : खाली पांढरा कागद सरकवा.

सर : हो. आलाय.

भाऊ : किती झालं?

सर : अकरा पॉइंट सहा.

भाऊ : सर, त्या कॉस्टिकच्या बरणीचं झाकण सुट्टीच्या आधीपासून ढिलं आहे. मी बोललो होतो तुम्हाला. तुम्ही म्हणालात, चालेल, पोरांना कुठे कळतंय.

सर : म्हणालो होतो. हवेतला ओलावा ओढून घेतला त्याने. वजन भरलं, पण त्यात कॉस्टिक कमी आणि पाणीच जास्त. म्हणून जास्त लागतंय. मावशी, तुमचं बरोबर आहे.

मावशी : सर, कापडावर रंग धरावा म्हणून मी सोडा घालते. तो डबा कायम उघडाच असतो माझा. त्याचंही असंच झालं असेल का?

सर : असू शकेल. पक्कं आत्ता नाही सांगत. डबा घेऊन या, इथेच तपासू.

मावशी : नव्वद पोरांचे गणवेश, आणि मी बिचाऱ्या रंग विकणाऱ्याला शिव्या देत बसले.

सर : आणि मी तेवीस चुकांवर बरोबरची खूण केली, तुमच्यावर लाल फुली मारली. खरंच लाज वाटतेय मला. तुम्ही भांडायला आला नसतात, तर कळलंही नसतं.

मावशी : व्यवसायाच्या बाई सांगतात, भांडायला येतं ते गिऱ्हाईक अजून आपलंच असतं, गप्प निघून गेलं त्याची काळजी करा. ती तेवीस पोरं गप्प बसलीत सर.

सर : बाईंच्या वर्गात मलाच बसायला हवं. आणा ते जर्नल, आधी सही करतो. तुमच्या आकड्याखाली माझाही लिहितो.

मावशी : बरं झालं. वर्ष वाचलं माझं.

सर : उद्या सगळ्यांना पुन्हा करायला लावतो. चूक कोणाची होती, तेही सांगावं लागेल. हसतील मला.

मावशी : हसू द्या. पहिल्या दिवशी मी बाकावर बसले, तेव्हा मलाही हसली होती. आता मी उशिरा आले, तर पुढच्या बाकावर माझी जागा धरून ठेवतात.