झाकून ठेवलेलं ताट

अमेरिकेत, ओमाहातल्या माजी सैनिकांच्या दवाखान्यात नॉर्मा विणत बसली होती; नवऱ्याचे कान तपासणं चाललं होतं. समोर एकमेकांना अनोळखी असे दोन म्हातारे शेजारी-शेजारी टेकले. एकाचा डावा पाय धातूचा.

"नौदल?" दुसऱ्याच्या टोपीवरचा नांगर बघून त्यानं विचारलं.

"जहाजावर आचारी होतो. डेल्बर्ट."

"मी पायदळातला. म्हणून तुझ्या हातच्या जेवणातून वाचलो!"

"जीभ शाबूत आहे की तुझी. राहतोस कुठं?"

"स्वतःच्या घरात. आपलं सैनिकांचं कर्ज घेतलं ना, सरकारी हमीवालं. सुरुवातीला पदरचा एक डॉलर न घालता घर झालं. तू?"

"भाड्याच्या ट्रेलरमध्ये, चाकांवरच्या घरात. ते कर्ज मी घेतलंच नाही."

"का रे बाबा?"

"मी बटाटे सोलले रे नुसते. म्हटलं, ज्यांचे हातपाय गेलेत त्यांना मिळू दे. आपण घेतलं तर कुणाला तरी कमी पडायचं."

"अरे वेड्या, सरकार बँकेला नुसती हमी देतं. ते काय तुझं पातेलं आहे, तळ दिसायला?"

"असं होय? आमच्याकडे पहाऱ्यावरच्यांची ताटं आधी झाकून ठेवायची, मग आचाऱ्यानं जेवायचं. तीच सवय."

"इतकी वर्षं? बायको काही बोलली नाही?"

"बोलते तर! 'कुणासाठी राखून ठेवलंय, त्याचं नाव तरी सांग,' म्हणते."

"मग?"

"नाव कुठं ठाऊक होतं मला!"

नॉर्माच्या सुया थांबल्या. धातूच्या पायाच्या म्हाताऱ्यानं हात पुढे केला.

"लोनी," तो म्हणाला. "माझं नाव लोनी. आता ऊठ, तुझ्या कर्जाचा अर्ज भरायला जाऊ. मी जेवलोय, तुझंच ताट राहिलंय."