दोन झाकणं, दोन जाती

सभेचे अध्यक्ष आणि आपल्या कुरेहामा सागरी केंद्राचे संचालक कुवाबारासाहेब, मंचावरील मान्यवर, सहकारी, आणि कालवांचे तराफे सोडून आलेल्या बंधुभगिनींनो,

निवृत्त होणाऱ्या बाईनं तब्येतीवर आणि नातवंडांवर बोलावं, असं मला सुचवण्यात आलं. मला नातवंडं नाहीत. लाकूड पोखरणाऱ्या जिवांपायी मात्र एकतीस वर्षं घालवली, तेव्हा त्यांच्यावरच बोलते.

आपण त्याला किडा म्हणतो. तो कालवांचाच भाऊबंद आहे, शिंपल्याचा प्राणी. टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून लाकडात शिरतो, डोक्याकडच्या दोन शिंपल्यांनी ते किसत जातो, आणि जन्मभर बाहेर येत नाही. मागच्या टोकाला दोन चिमुकली झाकणं; धोका दिसला की दार बंद. जात ओळखायची ती या झाकणांवरून.

दहा वर्षांपूर्वी खाडीत तपासणीसाठी टांगलेल्या फळ्यांत मला दोन तऱ्हांची झाकणं सापडली. एक वल्ह्यासारखं, दुसरं भाताच्या लोंबीसारखं. नमुन्यांच्या बरण्यांना मी दोन नावांच्या चिठ्ठ्या लावल्या.

साहेब म्हणाले, "शिंपले तर सारखेच आहेत. एकच नाव लावा."

"शिंपले नका बघू साहेब, झाकणं बघा."

"शिओमीबाई, बरण्या तुम्ही पुसायच्या. नावं आम्ही ठेवायची."

नावं त्यांनी ठेवलीच, मला. मी चिठ्ठी बदलली नाही, म्हणून माझी बदली झाली. फाटकावर, केंद्र बघायला येणाऱ्यांची तिकिटं फाडायला.

आता, नावानं असं काय बिघडतं? समोर बसलेल्या इशिझुदादांना विचारा. पहिली जात पिल्लं अंगात सांभाळते, दुसरी अंडी थेट पाण्यात सोडते. दोघींच्या पिल्लांचे लाकडात शिरायचे हंगाम वेगळे. केंद्रानं पहिलीचाच हंगाम धरून, शिरलेली पिल्लं मरावीत म्हणून तराफे पाण्याबाहेर वाळवायची तारीख दिली, आणि दुसरीनं दादांचा नवा तराफा आतून खाल्ला. वाऱ्यात तो मोडला, वर्षभराची कालवं तळाला गेली. दादा तुटका वासा खांद्यावर घेऊन फाटकाशी आले. "बाहेरून कोरा दिसतोय. आत काय शिरलंय ते तूच बघ, ताई."

करवत घातली. आत लोंब्याच लोंब्या.

मग सहा वर्षं, दर रविवारी, दादांच्या तराफ्याखाली मी फळ्या टांगल्या आणि दुसरीचा हंगाम शोधून काढला. बाहेरच्या तज्ज्ञांनी तपासून दोन जाती मान्य केल्या. आज तारखा दोन लागतात, आणि तराफे टिकतात.

मघाशी वाचलेलं मानपत्र म्हणतं, 'संचालकांच्या मार्गदर्शनाखाली लावलेला शोध'. साहेब, ते मार्गदर्शन फाटकापर्यंत पोचलं नव्हतं.

करवतीचं दुसरं टोक धरणाऱ्या दादांचे, आणि इतका वेळ ऐकून घेणाऱ्या तुम्हा सर्वांचे आभार. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर पदरात घ्या. त्या चिठ्ठ्यांबद्दल मात्र मी माफी मागत नाही. मानपत्र इथे टेबलावर ठेवून जाते. ती ओळ खोडली की पाठवून द्या. माझं घर गावातच आहे.