झोपलेल्या घरातली गोष्ट

...आणि वर म्हणतात, सून काय शांत मिळालीय. शांत? मी? अहो, तुम्हाला सांगते, अंबाजोगाईला आमच्या गल्लीत मी धाकट्या भावाला हाक मारली की पलीकडच्या गल्लीतली दोन माणसं 'ओ' द्यायची. आणि इथे मोशीत लग्न होऊन आल्यापासून जे काही बोललेय ते सगळं असं... असं कुजबुजत. का? तर या घरात दिवसाचा एकही तास असा जात नाही की कोणीतरी झोपलेलं नाही. सासरे, उद्धवराव, गोदामावर रात्रीचे वॉचमन, ते सकाळी येऊन आडवे होणार. दीर ऋतिक सेकंड शिफ्टला, तो मध्यरात्री येऊन जेवून झोपणार ते दुपारपर्यंत. आमचे हे, दिग्विजय, चाकणच्या कंपनीत क्वालिटीत, म्हणजे माल तपासायला, फर्स्ट शिफ्ट, पहाटे बसला पळायचं, चारला घरी आले की चहाचा कप हातात असतानाच मान कलते. आणि रात्री काय, रात्री तर जगच झोपतं.

आणि या सगळ्यांच्या मधोमध, पॅसेजमध्ये, ओठांवर बोट ठेवून आमच्या सासूबाई. रुक्मिणीबाई.

"हळू गं. झोपल्यात."

कोण झोपलंय हे विचारायचंच नाही. कोणीतरी असतंच. कुकरची शिट्टी होऊ द्यायची नाही, आवाज फुसफुसायला लागला की गॅस बंद, म्हणून आमच्याकडे वरण कायम जरा कचवट. चटणी वाटायची तर मिक्सरला गोधडी. दाराच्या बेलचे सेल काढून ठेवलेले, आलेल्याने दारावर नखाने खाजवायचं. मला वाटलं, इथल्या कंपन्यांना गुरुवारची सुट्टी, गुरुवारी तरी घर बोलेल. गुरुवारी काय झालं माहितीये? तिघं एकदम झोपले.

आता तोंड असं बंद झालं की माणूस दुसरं काय करणार, लिहायला लागतं. त्यात आमच्या बिल्डिंगमधल्या सुमनताई, निवृत्त शिक्षिका, सोसायटीचा दिवाळी अंक काढतात. म्हणाल्या, "संस्कृती, तू वाचतेस बरंच, एक कथा दे." दिली. झकास लिहिली होती. देवयानी नावाची नायिका, समुद्रकाठी बंगला, नवरा उद्योगपती आणि दुष्ट, एका धुक्यातल्या पहाटे ती पियानो वाजवते आणि घर सोडून जाते. सुमनताईंनी चष्म्यावरून बघितलं.

"पियानो कुठं पाहिलास गं?"

"मालिकेत."

"आणि घर कुठं सोडलंस?"

म्हटलं, "मी कुठं सोडतेय, कथा आहे हो ती."

"तेच म्हणतेय. तुलाच खरी वाटत नाहीये, मग वाचणाऱ्याने का जीव टाकायचा? घर तुझ्या ओळखीचं घे. छोटं असलं तरी चालेल."

झालं. घरी आले, चपला हातात घेऊनच आत शिरले, आणि पॅसेजमधून...

"हळू गं. झोपल्यात."

तिथेच कथा सापडली की हो. बसले आणि लिहिली. नायिकेचं नाव दीपमाला. घरात सगळे पाळीपाळीने झोपलेले. बिचारीला बोलायला जागाच नाही, म्हणून काय करते, खाली पाण्याचा टँकर आला आणि त्याची मोटर घरघरायला लागली की बाल्कनीत उभी राहून मोठमोठ्याने बोलून घेते. भाजीचे भाव, माहेरची आठवण, नवऱ्याची तक्रार, सगळं. आणि एक दिवस वाक्याच्या मधेच मोटर बंद पडते, आणि अख्ख्या सोसायटीला ऐकू जातं, "...कंटाळा आलाय मला या घराचा!" शेवटी काय, ती मुद्दाम भांड्यांची मांडणी ढकलून देते, धडाधड आवाज, सगळे दचकून उठतात, एकमेकांकडे बघतात आणि हसत हसत तिला जवळ घेतात. मलाच रडू आलं लिहिताना.

कागद ओट्यावर राहिले आणि ह्यांनी वाचले. मी आले तर उभ्या उभ्या वाचतायत, आणि झोप पार उडालेली.

"हे आपलं घर आहे." कुजबुजत बरं का, कारण त्या दिवशी ऋतिकला ताप होता, तो आत झोपलेला.

"कथा आहे हो ती."

"टँकरचं खरं आहे?"

मी ओटा पुसायला घेतला. मग हे म्हणाले, "बाकी सगळं ओके आहे. शेवट एनजी आहे." एनजी म्हणजे त्यांच्या कंपनीत खराब निघालेला माल, तो लाल खोक्यात टाकतात. माझा शेवट, लाल खोक्यात.

"का पण?"

"ते मी विचारणार. भांडी का पाडली तिने?"

"राग आला म्हणून."

"राग का आला?"

"बोलायला कोणी नाही."

"का नाही?"

"सगळे झोपलेले असतात."

"का?"

"दमतात म्हणून. अहो, हे काय चाललंय?"

"कंपनीत पाच वेळा 'का' विचारायला शिकवलंय. मग इतके दमलेले लोक भांडी पडल्यावर हसत का उठतील? मी तर शिव्या देईन."

तुम्हाला सांगते, लग्नानंतरचं आमचं पहिलं भांडण, आणि तेही कुजबुजत. तुम्ही कधी कुजबुजत भांडलायत? घसा दुखतो हो, आणि मनासारखं काही होत नाही. हात तेवढे जोरजोरात हलतात. मी म्हटलं, "तुम्हाला काय कळतं कथेतलं?" ते म्हणाले, "कथेतलं नाही, झोपेतलं कळतं." मी काही बोलणार तोच पॅसेजमधून... तुम्हीच सांगा काय आलं असेल. आलंच.

राग कशाचा, तर ते बरोबर होते. पण दुसरा शेवट सुचेना. काय करेल दीपमाला? निघून जाईल? कुठे? समुद्रकाठी? चार दिवस पीठ मळता मळता विचार केला, पोळ्या वातड झाल्या, शेवट आला नाही. आणि सुमनताईंनी अंक छपाईला जाण्याआधी कथावाचन ठेवलं, क्लबहाऊसमध्ये, गुरुवारी सकाळी. गेले तशीच, तोच एनजी शेवट हातात घेऊन.

घरचे सगळे आले, पहिल्या रांगेत. गार फरशी, वर पंखे, मऊ खुर्च्या. मी माईकसमोर उभी राहिले आणि लग्नानंतर पहिल्यांदा माझा आवाज मला ऐकू आला. काय मोठा होता. लोक हसत होते, टँकरला तर टाळ्या पडल्या. तिसऱ्या पानावर वर बघितलं. सासऱ्यांची मान मागे. ऋतिक ह्यांच्या खांद्यावर. हे ऋतिकच्या डोक्यावर. ते ठीक आहे, त्याची सवय आहे मला.

पण शेजारी सासूबाई. तोंड थोडं उघडं, पदर घसरलेला, हात मांडीवर उताणे. झोपलेल्या.

आणि माझ्या लक्षात आलं की या बाईला झोपलेलं मी आजवर पाहिलंच नव्हतं. पहाटे ह्यांचा डबा, सकाळी सासऱ्यांची भाकरी, दुपारी ऋतिकचा डबा, मध्यरात्री परत त्याचं ताट. घरातल्या सगळ्यांच्या झोपेची राखण करायची, तर ही कधी झोपायची? मी अख्खी कथा लिहिली झोपेवर, आणि त्यात ही फक्त ओठांवर बोट ठेवून उभी.

शेवटचं पान पुढ्यात होतं. भांडी पडायची होती. मी ते पान मागे सरकवलं आणि आवाज खाली आणला. मागून सुमनताई हाताने खुणा करतायत, मोठ्याने, मोठ्याने. मी माईकमध्येच म्हटलं, "हळू. झोपल्यात." लोकांना वाटलं, कथेतलंच आहे. आणि मग तोंडाला येईल तसं सांगितलं, की दीपमाला मांडणीपाशी जाते, हात लावते, आणि तेवढ्यात तिला दिसतं की पॅसेजमधली बाई भिंतीला टेकून, उभ्या उभ्या डुलकी घेतेय. मग दीपमाला भांड्यांवरचा हात अलगद काढते आणि पॅसेजमध्ये जाऊन तिच्या जागी पहाऱ्याला बसते. संपली. सगळं कुजबुजत. दीडशे माणसं खुर्च्यांच्या कडेला सरकून ऐकत होती.

टाळ्या झाल्या तशा चौघं दचकून उठली. हसत नाही उठली, सांगून ठेवते. हे बरोबरच होते.

सासूबाईंनी पदर सावरला, माझ्याकडे आल्या.

"संपली व्हय गं?"

"संपली. आवडली?"

"ऐकली कुठं? पर काय सांगू पोरी, लई वर्सांत अशी झोप लागली नव्हती." आणि इकडेतिकडे बघून, एकदम हळू आवाजात, "पुढल्या गुरुवारी बी हाय का गं तुझं काही?"