मालकांनी कापायची गोळी

अठ्ठ्याण्णव साली गडहिंग्लजची बसम्मा कोल्हापुरात डॉक्टरांकडे नंबर लावून बसली होती. शेजारी बसलेली जरीनाभाभी कुणाला तरी सांगत होती, की घबराटीच्या तीन गोळ्यांवरून ती आता अर्धीवर आली. बसम्माला राहवलं नाही.

“अर्धीत झोप लागती? मला त्याच तीन पुरंनात.”

“मलाबी पुरत नव्हत्या, अक्का. डॉक्टरांनी जरा जरा करत कमी केल्या. वरीस गेलं. आता अर्धीबी लागू पडती.”

“तुमचं दुखणंच बारकं असंल.”

“बारकं? हातपाय लटलट कापायचे की!”

“मग भारीतली गोळी दिली असंल. डॉक्टरांची मर्जी दिसती तुमच्यावर.”

“न्हाय ओ, तीच. आमचे हे ब्लेडनं कापून द्यायचे. जीव घाबरला की हात धरून बसायचे.”

“रोज?”

“रोज.”

बसम्माचा नंबर लागला. पदर खोचून ती आत गेली.

“काय मावशी, परत गोळी वाढवून पाहिजे?”

“न्हाय, कमी करा. आनि गोळी मालकांनीच कापायची, असं चिठ्ठीत लिवा. हात धरायचंबी लिवा.”