बिनउजेडाची ऊब

वडील गेल्यापासून त्यांच्या सरड्याने अन्न सोडलं होतं. त्याचं खोकं मांडीवर घेऊन लेक जनावरांच्या डॉक्टरकडे बसली होती. शेजारी बसलेलं वयस्कर जोडपंही सरडाच घेऊन आलं होतं.

“आज वजन वाढलेलं दिसेल बघा,” बाई म्हणाल्या.

“माझ्यावर रुसला होता गं तो.”

“सरडा कसला रुसतोय? तुम्ही रात्रभर त्याच्या डोक्यावर दिवा जाळलात. डोळा लागेना, मग खाणार काय?”

“गारठला असता.”

“म्हणून तर डॉक्टरांनी चिनीमातीचा हीटर दिला. ऊब देतो, उजेड नाही. अंधारात पोटभर झोपला आणि रातकिड्यांवर तुटून पडला.”

लेकीला राहवलं नाही. “माफ करा. अंधारात तो कुणाला शोधत नाही ना?”

“छे हो. ढाराढूर झोपतो.”

“मला वाटलं, बाबांसाठी झुरतोय. तो त्यांच्याच खोलीत असतो आणि तिथला दिवा मी अजून बंदच केलेला नाही.”

“आज करा, ताई. असा हीटर घ्या, फक्त त्याला जाळी लावा. उजेड नसतो ना, चालू आहे की बंद ते कळतच नाही. यांनी बोट लावून पाहिलं.”

“चालू होता,” नवरा म्हणाला.

मांडीवरचं खोकं हलेल इतकी लेक हसली.