कमलबाईचे पाय, माझा मोबाईल

मला एक सांगा, माणसानं भरवसा ठेवावा तरी कोणावर? डॉक्टरवर, मोबाईलवर, का स्वतःवर? राजूरला माझं साड्यांचं दुकान. मी खाली गादीवर, माल वरच्या मजल्यावर. शुगर वाढली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "शेठ, दुकानाचा जिना चढत जा. मोबाईल पावलं मोजतो, महिन्यानं दाखवा."

महिन्यानं दाखवला. डॉक्टर खुर्चीतून उठलेच. "रोज चौदा हजार! कमाल केली शेठ. गोळी अर्धी करू."

चार-दोनदा चढलो होतो खरा, त्यामुळं मी फुगलो. तेवढ्यात सोबत आलेली बायको बोलली, "डॉक्टरसाहेब, हे पाणीबी जागेवर मागतेत. मोबाईल दिवसभर कामावरच्या कमलबाईकडं असतो. ती वरून साड्यांचे फोटो गिऱ्हाइकांना पाठवती."

डॉक्टरांचा पेन जागीच थांबला. "अहो, गोळी कमी करून बसलो असतो ना मी!"

पण खरा धक्का दुकानात बसला. विचारलं, "कमलबाई, रोज इतक्यांदा चढता तुम्ही?"

"तुम्हीच वरडता की शेठ. हिरवी आणा, न्हाई, निळी आणा. गुडघे पार गेले माझे. मला वाटलं, तुम्हाला ठावं असंल."

मला बिलकुल ठाऊक नव्हतं. आता साडी आणायला मी चढतो, अन् कमलबाई गादीवरून हुकूम सोडतात. तुम्हीबी एवढं करा राव. आपण किती चढलो अन् दुसऱ्याला किती चढवलं, याचा हिशेब तेवढा खरा ठेवा.